पायरीबाई

माझ्या ताईला शाळेत सगळे पायरीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते माहीत होतं आणि तिला त्याचा राग यायचा नाही. यायचा तो मला. एकदा तिला म्हटलं, "तुला काहीच कसं वाटत नाही गं?" तर म्हणाली, "पायरीच म्हणतात ना? खड्डा तर म्हणत नाहीत!" अशी होती. होती म्हणजे, आहे. चांगली धडधाकट आहे, रोज ऑफिसला जाते. पण मी जिच्याबद्दल सांगतेय ती ताई आता भेटत नाही, म्हणून होती म्हणायचं.

मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझ्या मशिनी आहेत आणि ताई शिकवायची त्या शाळेचे गणवेश बरीच वर्षं माझ्याकडेच शिवायला असतात. मापं घ्यायला, फिटिंग बघायला माझी तिथे सारखी ये-जा. तुला शिक्षणातलं काय कळतं, असं साहेब लोक म्हणतील. म्हणोत बापडे. मी जे पाहिलं ते सांगते, आणि चिडूनच सांगते, कारण न चिडता हे सांगायला गेले तर रडू येईल आणि रडण्याचा मला कंटाळा आहे.

ताई शिक्षिका झाली ती उशिरा, लग्नानंतर. भावोजी बस डेपोत मेकॅनिक. त्यांनीच तिला ढकलून शिक्षकांच्या ट्रेनिंगला पाठवलं, म्हणाले, "घरात माझ्यावर मास्तरकी करतेसच, जरा पगार घेऊन कर." तिथे तिला त्या सहा पायऱ्या भेटल्या. शिकणं एकदम होत नाही, ते पायरी पायरीने चढतं, अशी ती भानगड. ट्रेनिंगमधल्या बाकीच्यांनी ते परीक्षेपुरतं घोकलं आणि पेपर झाल्यावर झटकून टाकलं. आमची बाई मात्र ते घेऊन घरी आली.

त्या पायऱ्यांची नावं ऐकूनच माणूस घाबरावा. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. मी म्हटलं, "ताई, ही औषधांची नावं आहेत की काय?" तेव्हा तिने माझ्या हातातला अर्धवट शिवलेला शर्ट ओढून घेतला आणि मला तिथेच शिकवायला बसली. "हे बघ. काज कशाला म्हणतात ते तुला पाठ आहे, ही पहिली पायरी. काज का लागतं ते तू तुझ्या शब्दांत सांगितलंस, ही दुसरी. कधी न शिवलेल्या कापडावर ते बरोबर करून दाखवलंस, तिसरी. शर्ट खांद्यात ओढतोय तर नक्की कुठे चुकलंय ते उसवून शोधलंस, चौथी. दोन शर्टांतला कुठला बरा शिवलाय आणि का, ते ठरवलंस, पाचवी. आणि कुणीच शिवला नाही असा काही प्रकार स्वतःच्या डोक्याने शिवलास तर सहावी."

"आणि गिऱ्हाईक डोकं खायला आलं तर कितवी?"

"ती तुझी तोंडी परीक्षा."

तिने त्याचा तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला होता. भावोजींना तर आयतंच मिळालं. पाहुणे आले की सांगायचे, "मीठ कुठल्या डब्यात आहे ते मला आठवतं, म्हणजे मी पहिलीवर. आज मीठ कमी पडलंय असं म्हटलं तर ते झालं मूल्यमापन. पण मूल्यमापन केलं की या घरात जेवायला मिळत नाही, म्हणून मी आपला पहिलीवरच बरा आहे." ताई हसायची, पण तक्ता काढला नाही.

शाळेत तिचं वाजलं ते टाचणावरून. टाचण म्हणजे तासाला जाण्याआधी शिक्षकाने लिहायचं असतं ना, आज काय शिकवणार, मुलाला त्यातून काय येणार, ते. तिथे सगळे गेल्या वर्षीचं टाचण उतरवून काढायचे. 'विद्यार्थ्याला भागाकार समजेल.' झालं. ताई म्हणायची, "समजेल म्हणजे काय? समजलं ते तुम्हाला दिसणार कसं? पोरगं मान डोलावतं म्हणून? मान तर माझा नवराही डोलावतो. तास संपल्यावर ते पोर काय करून दाखवेल तेवढं लिहा." बरोबर होतं तिचं. पण बरोबर असलेलं माणूस स्टाफरूममध्ये फार वेळ कुणाला सहन होत नाही. तिच्या मागे 'पायरीबाई' लागलं ते तेव्हापासून.

मग पूरक वर्ग सुरू झाला. मागे पडलेली मुलं, म्हणजे वरच्या वर्गात गेली आहेत पण साधं वाचता येत नाही, हिशेब येत नाही, त्यांना बाजूला काढून शिकवायचं. कोणी घेईना. जिन्याखालची मोडक्या बाकांची खोली द्यायची म्हणे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकेकाकडे बघत होत्या आणि एकेक जण छताकडे बघत होता. ताईने हात वर केला. मोठ्या बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पंखाही मंजूर केला.

पंखा यायला पावणेदोन वर्षं लागली ते सोडा. पण त्या खोलीत ताईने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दहा-बारा मुलं होती. कोणी तोतरं, कोणी नुसतं दंगेखोर, कोणाच्या घरी अभ्यासाला दिवा नाही. ती प्रत्येकाची वेगळी पायरी धरायची. हा अक्षरं ओळखतो पण शब्द लागत नाही, तो बेरीज करतो पण कधी करायची ते कळत नाही. आणि प्रत्येकाचं उद्दिष्ट एवढंसं, चिमूटभर. 'आज तो दुकानाच्या पाटीवरचा एक शब्द वाचून दाखवेल.' दाखवला की त्या खोलीत अशी आरडाओरड व्हायची की वरच्या मजल्यावरून तक्रार यायची.

त्या मुलांत एक मुलगी होती, तिला सगळे हळूबाई म्हणायचे. दहा-अकरा वर्षांची, बारीक अंगाची, कपाळावर कायम केस. तिचं सगळंच हळू. प्रश्न विचारला की वर बघायची, ओठ हलवायची, एक पाय दुसऱ्या पायावर घासायची. तोवर बाकीच्या बाई "बस खाली" म्हणून पुढे गेलेल्या असत. शाळेत इतकी वर्षं काढून त्या पोरीचं एक उत्तर कोणी पूर्ण ऐकलं नव्हतं. घरी आई आणि ती, दोघीच. आईची किडनी गेलेली, रक्त स्वच्छ करून घ्यायला दर आठवड्याला बसने मोठ्या हॉस्पिटलात जायचं, आणि सोबतीला ही. त्यामुळे शाळा बुडायची ती वेगळीच.

ताईने काय केलं माहितेय? काही केलं नाही. प्रश्न विचारला, हात मागे बांधले आणि गप्प उभी राहिली. बाकीची पोरं चुळबुळ करायला लागली की म्हणायची, "तिला वेळ द्या." एवढंच. पहिल्या दिवशी घंटा झाली तरी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईने परत तोच प्रश्न विचारला आणि परत हात बांधले. मी असते तर दोन धपाटे घातले असते आणि माझंच डोकं धरून बसले असते. कितव्या दिवशी कोण जाणे, हळूबाई बोलली. बरोबर बोलली. आणि मग कळलं की पोरगी मंद वगैरे काही नाही. ती आधी सगळं डोक्यात मांडते, दोनदा तपासते आणि मगच तोंड उघडते. आपल्यात कितीजण असं करतात? मी तर नाही.

आता इथून कडू भाग सुरू होतो.

या पूरक वर्गाचा एक नियम होता. मूल पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तर त्याला हा वर्ग मिळणार. तिसऱ्या पायरीवर गेलं, म्हणजे शिकलेलं नव्या ठिकाणी वापरायला लागलं, की त्याचं उद्दिष्ट पूर्ण, त्याने आपल्या मोठ्या वर्गात परत जायचं. वाचायला किती छान आहे! ताईची ट्रेनिंगमधली एक मैत्रीण दुसऱ्या शाळेत असाच वर्ग चालवायची. ती माझ्याकडे ब्लाउजचं माप द्यायला आली होती तेव्हा ताईला म्हणाली, "हे बघ, तुला सांगून ठेवते. मुलांना कागदावर दोनच्या वर नेऊ नकोस. शिकव हवं तेवढं, पण कागदावर दोन. तीन लिहिलंस की वर्ग गेला. माझी पोरं गेली तीन वर्षं दोनवर आहेत आणि मजेत आहेत."

ताई म्हणाली, "पण माझी तीनवर आहेत गं. खरंच आहेत. त्यांना दोन कसं लिहू?"

"पेनाने लिही," मैत्रीण म्हणाली.

मी खो खो हसले. ताईने माझ्याकडे असं बघितलं की हसू घशातच राहिलं. नंतर मला म्हणाली, "पोराने इतक्या कष्टाने चढायचं आणि मी त्याला खालीच आहेस म्हणून सांगायचं? मग माझ्यात आणि त्या 'बस खाली'वालीत फरक काय?" पण मला तेव्हाही मैत्रिणीचंच पटलं होतं आणि आजही पटतं.

तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. नाकाडोळ्याने नीटस, बोलणं मऊ, कपडे कडक इस्त्रीचे. वाईट माणूस असता तर मला बरं झालं असतं, शिव्या तरी घातल्या असत्या. पण तो मनापासून काम करणारा माणूस, पायऱ्यांवर त्याचाही ताईइतकाच जीव. ताईने मुलांना खिडकीच्या पडद्याचं काम दिलं होतं. टेप माझी, कापड माझं. खिडकी मोजायची, चुण्या धरून किती कापड लागेल ते ठरवायचं आणि का ते सांगायचं. पोरं अशी तुटून पडली, कोणी स्टुलावर, कोणी खिडकीत. शेवटी हळूबाईने सांगितलं की वरची शिवण आणि खालची दुमड धरून कापड थोडं जास्त घ्यायला हवं. सावकाश सांगितलं, पण सांगितलं. साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी तिचा टेप हातात धरलेला फोटो काढला आणि सगळ्यांच्या नावापुढे तिसरी पायरी लिहिली. ताई त्या दिवशी घरी आली ती गाणं गुणगुणत. मुलांसाठी पेन्सिली घेतल्या, भावोजींसाठी मोजे घेतले, माझ्यासाठी काही नाही.

महिना झाला नसेल, ऑर्डर आली. पूरक वर्गाचं उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाल्याने वर्ग बंद करण्यात येत आहे. मुलांनी आपापल्या वर्गात परत जावं. आणि अशा यशस्वी बाईंना एका शाळेत अडकवून ठेवणं बरं नाही, म्हणून त्यांना खात्याच्या ऑफिसात घेण्यात येत आहे. त्यांनी इतर शिक्षकांना उद्दिष्टं कशी लिहायची ते शिकवावं.

लोक अभिनंदन करायला येत होते हो! मोठ्या बाईंनी फुलं दिली. ज्यांनी तिला पायरीबाई म्हणून हिणवलं तेही हात मिळवून गेले, "आमच्याकडे लक्ष असू द्या" म्हणाले. ताई फुलं घेऊन माझ्या खोलीत आली आणि कापडाच्या ढिगावर बसली. "मी त्यांना वर नेलं," म्हणाली, "आणि वर नेलं म्हणून त्यांचा हात सोडायला सांगतायत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मैत्रिणीचं ऐकलं असतंस तर?" मग माझं मलाच वाटलं, आत्ता हे बोलायची गरज होती का. पण बोलले ते बोलले.

ऑफिसात तिला फिरती खुर्ची मिळाली. मागच्या भिंतीवर हळूबाईचा तो टेपवाला फोटो मोठा करून लावला होता, खाली 'यशोगाथा' असं लिहून. ताई त्या फोटोकडे पाठ करून बसायची. रोज तीस-चाळीस शिक्षक येणार, ती त्यांना तक्ता समजावणार, ते जांभया देणार, चहा पिऊन जाणार.

शाळेत मुलांचं काय झालं ते मी बघत होते, कारण मी तिथे जातच होते. दंगेखोर परत दंगे करायला लागले. तोतरा शाळेच्या वेळात बाहेर भटकताना दिसायचा. हळूबाई शेवटच्या बाकावर. तिच्या वर्गशिक्षिकेला मी विचारलंच, "ती बोलते का हो?" बिचारी दमून गेलेली बाई. म्हणाली, "साठ मुलं आहेत. एकीसाठी थांबले तर माझा तास तिथेच संपतो. मी तिला विचारायचंच सोडून दिलंय." खोटं नव्हतं ते. साठ पोरांपुढे उभं राहून बघावं मग बोलावं. पण पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलं.

मग एक दिवस तिची आई माझ्याकडे आली. जिने चढून आली होती, धापा टाकत होती. म्हणाली, "हिला तुमच्याकडे बटणं लावायला ठेवून घ्या. शाळेत नुसती गप्प बसते. गप्पच बसायचं तर इथे बसेल, हाताला काहीतरी लागेल. माझा काही भरवसा नाही." मी म्हटलं, "अहो, लेकरू आहे ते." ती म्हणाली, "सुट्टी लागेपर्यंत बघते. नाही बोलली तर शाळेतून काढते. तुम्ही नाही घेतलं तर दुसरं कोणी घेईल."

मी ताईला हे सांगितलं. तिने तोंड धुतलं, चप्पल घातली आणि तडक साहेबांकडे गेली. नंतर कळलं की ती रोजच जात होती. साहेब ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, नियम शोधायचे. शेवटी एक नियम सापडलाच. फेरतपासणी. मुलं खाली घसरली आहेत असं दिसलं तर वर्ग पुन्हा सुरू करता येईल. सगळ्यांना तपासायला वेळ नाही, नमुन्यादाखल एक मूल बघू. कुठलं? साहेब म्हणाले, "अर्थात यशोगाथेतलं. तीच घसरली असेल तर बाकीच्यांचं काय विचारायचं?"

मी म्हटलं, "ताई, देव पावला! ती पोर कोणासमोर तोंड उघडत नाही. वर्ग आपलाच." आणि तरी माझा जीव राहिना. म्हटलं, "तू एकदा जाऊन तिला सांगून ये, काहीही विचारलं तरी येत नाही म्हण."

ताई अशी काही भडकली! तिला मी तशी कधी पाहिली नव्हती. "मी तिला येत नाही म्हणायला शिकवू? मी? जन्मभर मुलांनी करून दाखवावं म्हणून ऊर फोडला आणि आता न करायचं शिकवू?"

"एक दिवस शिकव! पुढे वर्षभर हवं ते शिकव!"

"गरजच नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "ती खरंच बोलत नाही. मी जाऊन बघून आलेय, विचारलं तर नुसती बघते. जे खरं आहे तेच साहेबांना दिसेल. मला खोटं बोलायला लागणार नाही." आणि मग म्हणाली, "ती नापास व्हावी म्हणून मी वाट बघतेय. कळतंय का तुला, मी किती खाली गेलेय ते?"

मुलांना मात्र तिने एवढंच सांगितलं होतं की साहेब येणार आहेत, आपला वर्ग परत सुरू करायचा की नाही ते ठरवायला. खरं तेवढं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी शाळेत होते. व्हरांड्यात मापं घेत होते, मोठ्या बाईंच्या खोलीची खिडकी माझ्या शेजारीच. आत टेबलामागे साहेब, बाजूला मोठ्या बाई, भिंतीला टेकून ताई. मधे हळूबाई. साहेबांनी एक कार्ड काढलं, त्यावर बसचं वेळापत्रक. एका बाजूला बस सुटण्याच्या वेळा, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या थांब्यावर पोचण्याच्या. "बाळ, डॉक्टर अकरा वाजता तपासणार आहेत. घरून कुठल्या बसने निघशील, आणि तीच का?"

हळूबाईने कार्डाकडे पाहिलं. वर पाहिलं. पाय घासायला लागली.

मी टेप हातात धरून देवाचं नाव घेत होते. बोलू नको गं बाई. आजचा दिवस बोलू नको. एक पोरगं माप द्यायला पुढे उभं होतं, ते म्हणालं, "मावशी, माझी मान," तेव्हा कळलं की टेप मी त्याच्या गळ्याला आवळून धरली होती.

आत मोठ्या बाईंनी घसा खाकरला. साहेबांनी परत एकदा विचारलं, मऊ आवाजात. काही नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, ताईकडे बघून वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि पेन उघडलं. मी बघत होते ना, पेन कागदावर टेकलं होतं. झालं होतं काम! दोन आकडा काढायला किती वेळ लागतो!

आणि ताई म्हणाली, "थांबा, सर. तिला वेळ द्या."

का बोललीस गं? मी तिला नंतर किती वेळा विचारलं असेल. तोंडून गेलं, म्हणते. तिचे हात तोवर मागे बांधलेही गेले होते. साहेबांनी पेन उचललं. हळूबाईने आवाज ऐकला आणि ताईकडे बघितलं, आणि तो चेहरा मी विसरणार नाही. अर्ध्या वर्षात कोणीतरी पहिल्यांदा तिच्यासाठी थांबलं होतं.

"ही बस," तिने बोट ठेवलं, "अकराच्या आधी पोचते."

"बरोबर," साहेब म्हणाले.

"पण हिने जायचं नाही." मग परत वेळ. साहेब आता पुढे वाकले होते. "आई हळू चालते. थांब्यापासून आत जायला लांब आहे. मधे बसावं लागतं. आणि या बसला... गर्दी असते, आईला उभं राहवत नाही. म्हणून हिच्या आधीची. लवकर पोचलं तर... तिथे बाक आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. खरंच आनंद झाला होता त्या माणसाला. "बाई," ते ताईला म्हणाले, "ही तिसरी नाही. हिने दोन पर्याय पारखले, कारण दिलं, निर्णय घेतला. ही सरळ पाचवी आहे. तुमचं काम टिकलंय! तुम्ही उगाच काळजी करत होतात." आणि त्यांनी आकडा लिहिला. मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या. ताई भिंतीलाच होती.

साहेब गेले. ताई व्हरांड्यात आली, तिच्या मागे धावत हळूबाई. ती कधी धावायची नाही, पण त्या दिवशी धावली. ताईचा हात धरला आणि एका दमात, कुठेही न थांबता म्हणाली, "बाई, मी बरोबर सांगितलं ना? आता आपला वर्ग परत सुरू होणार ना?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली आणि टेप गुंडाळायला लागले. मग ताई वाकली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "हो बाळा. खूप छान सांगितलंस. होणार."

आयुष्यात मी तिला पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकलं.

सोमवारी ती पोर सगळ्यांच्या आधी शाळेत आली आणि जिन्याखालच्या बंद खोलीसमोर दप्तर घेऊन उभी राहिली. घंटा झाली, वर्ग भरले, ती हलेना. शिपाई सांगायला गेला तर म्हणाली, आमच्या बाई येणार आहेत. मधल्या सुट्टीपर्यंत ती तशीच उभी होती. शेवटी शाळेने तिच्या आईला बोलावून घेतलं. आई आली, धापा टाकत, भिंतीला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिला हाताला धरून घरी घेऊन गेली. त्यानंतर ती शाळेत आली नाही, आणि माझ्याकडे बटणं लावायलाही आली नाही.